कंदील हलला, सावली हलेना: एका जुन्या दाराच्या टेक्स्चरचा प्रकरण अभ्यास

शॉट चार सेकंदांचा होता, संगणकावर घडवलेला. अंधारी मार्गिका, हातात कंदील घेतलेलं एक पात्र डावीकडून उजवीकडे चालत जातं आणि मागे एक बंद लाकडी दार. दाराचा निळा ऑइल पेंट जागोजागी सुटलेला, पोपडे कडेनं वळलेले, खाली राखाडी पडलेलं लाकूड, फळ्यांवर गंजलेल्या खिळ्यांची डोकी. कॅमेरा दाराच्या इतक्या जवळून जातो की ऐन मधल्या क्षणी फ्रेमच्या रुंदीत दाराचा जेमतेम ६० सेंटीमीटर भाग मावतो. म्हणजे दार ही पार्श्वभूमी नव्हतीच, त्या चार सेकंदांत तेही एक पात्रच होतं.

पहिलं टेक्स्चर, म्हणजे दाराच्या त्रिमितीय आकारावर चढवायचं चित्र, मी भर उन्हात काढलेल्या एका फोटोवरून केलं होतं. फोटो उत्तम होता: स्वच्छ, कडक, प्रत्येक पोपड्याची कड उठून दिसणारा. त्यावरूनच एका प्लगिननं नॉर्मल मॅप काढला, म्हणजे पृष्ठभाग कुठे कुठल्या दिशेला कललाय ते सांगणारं चित्र. रंगाचा फोटो करडा करून उलटवला आणि तोच रफनेस, म्हणजे खडबडीतपणाचा नकाशा, म्हणून लावला. स्थिर फ्रेम रेंडर केली, म्हणजे संगणकाकडून रंगवून घेतली, तेव्हा सगळ्यांनी पसंतीची मान हलवली. मग कंदील चालायला लागला. डावीकडून येईपर्यंत सगळं ठीक दिसत होतं, कारण फोटोतलं ऊनही डावीकडून, वरून आलेलं होतं. कंदील उजवीकडे गेला आणि प्रत्येक पोपड्याची सावली मात्र होती तिथेच, उजव्या खालच्या बाजूला, चिकटून बसली. उजेड ज्या बाजूनं येतोय त्याच बाजूला सावली. आमच्या टीममध्ये लायटिंग बघणारी सहकारी पहिल्याच प्लेबॅकला म्हणाली, ‘अरे, दार कंदिलाकडे बघतच नाहीये.’ याहून नेमकं निदान मला आजही सुचत नाही.

या प्रकरणात जे काही शिकायला मिळालं ते सगळं त्या एका वाक्यातून निघालं, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

कॅमेरा पिक्सेलमध्ये जो आकडा नोंदवतो त्यात दोन गोष्टी एकजीव झालेल्या असतात: पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, आणि त्या जागी मुळात किती प्रकाश पोचला. टेक्स्चरला फक्त पहिली हवी असते, दुसरी रेंडरच्या वेळी शेडर, म्हणजे पृष्ठभागावर उजेड कसा दिसेल ते मोजणारा प्रोग्रॅम, घालतो. फोटो जसाच्या तसा लावला की प्रकाश दोनदा पडतो, एकदा फोटो काढतानाचा आणि एकदा दृश्यातला. १९७४ साली एड कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात पृष्ठभागावर चित्र चढवण्याची पद्धत मांडली, तेव्हा चित्र चढतंय हेच मोठं होतं. १९७८ साली जिम ब्लिन यांनी बंप मॅपिंग आणलं आणि खडबडीतपणा रंगातून वेगळा झाला. भूमिती सपाटच ठेवायची आणि तिची लंब दिशा मात्र ठिकठिकाणी कलवायची, म्हणजे उजेड हलला की छटाही हलते. मी उन्हातल्या फोटोवरून केलेल्या टेक्स्चरमध्ये ही फारकत नावापुरतीच होती. नॉर्मल मॅप होता, पण तोही फोटोतल्या उजेड-सावलीवरून बेतलेला. त्यामुळे निळ्या रंगावरचा एखादा काळपट डाग प्लगिनला खड्डा वाटला आणि उजळ लाकूड उंचवटा.

आधी सॉफ्टवेअरनंच सावल्या काढून बघितल्या. दोन दिवस गेले, आणि ते का जमणार नाही हेही त्यातून कळलं. समजा एका पिक्सेलची किंमत ४० आहे. तो सावलीतला फिका पेंट असेल किंवा उन्हातला गडद पेंट. समीकरण एक आणि अज्ञात दोन. मोठी, पसरट, मऊ छटा अंदाजानं काढता येते, पण पोपड्याखालची दोन मिलिमीटरची टोकदार सावली आणि तिथेच साचलेली धूळ यांना एका फोटोवरून वेगळं करता येत नाही. ढगाळ दिवशी पुन्हा फोटो काढायचा पर्यायही समोर आला. त्यात सावल्या मऊ होतात हे खरं, पण भेगांमधला काळोख तसाच राहतो आणि चकचकीत पेंटवर सगळं आकाश उमटतं. पेंटवर दुधी पापुद्रा धरल्यासारखं दिसतं आणि खालचा रंग फिकटतो.

शेवटी ठरलं की दार अंधाऱ्या खोलीत आणायचं आणि आपल्याच दिव्यानं फोटो काढायचे. जो प्रकाश आपण घातला, त्याची दिशा आणि ताकद आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो हिशेबातून वजाही करता येतो.

मांडणी

दार जमिनीवर आडवं ठेवलं, आडव्या दांडीवर कॅमेरा वरून खाली बघणारा. सेन्सर साडेचार कोटी पिक्सेलचा, ८२५६ गुणिले ५५०४, लेन्स ६० मिलिमीटरची. फ्रेमच्या आखूड बाजूत ९० सेंटीमीटर मावेल एवढ्या उंचीवर, म्हणजे साधारण २.३ मीटरवर, कॅमेरा बसला. हिशेब असा: ९०० मिलिमीटरला ५५०४ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.१६ मिलिमीटरचा. त्यातला ८० सेंटीमीटरचा चौकोन कापून ४०९६ पिक्सेलचा केला की पिक्सेल ०.२ मिलिमीटरच्या आसपास येतो. शॉट २०४८ पिक्सेल रुंद आणि त्यात ६० सेंटीमीटर दार, म्हणजे पडद्यावरचा पिक्सेल ०.२९ मिलिमीटरचा. टेक्स्चर त्याहून बारीक आहे, तेव्हा पुरेसं. हा भागाकार फोटो काढायच्या आधी करायचा असतो. नंतर केला तर त्यातून फक्त पश्चात्ताप मोजता येतो.

कॅमेरा दाराला नेमका काटकोनात आहे की नाही, हे बघायला एक सोपी युक्ती आहे. दारावर मधोमध एक छोटा सपाट आरसा ठेवायचा. कॅमेऱ्याच्या लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मध्यावर दिसलं की काटकोन साधला. अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, फोकस हाती लावून त्यावर चिकटपट्टी, व्हाइट बॅलन्स कायम, फाइल रॉ. फ्रेमच्या कडेला २४ चौकटींचं रंगपत्रक, एक पांढरी मॅट पट्टी आणि एक काळा चकचकीत गोळा. पट्टी यासाठी की फ्लॅश दर वेळी तंतोतंत तेवढाच प्रकाश टाकत नाही; पट्टीवरून प्रत्येक फ्रेम एका पातळीला आणता येते. गोळ्याचं काम पुढे येईल.

चमक वेगळी काढणं

पेंटवर पडलेल्या प्रकाशाच्या दोन वाटा होतात. काही भाग पृष्ठभागावरूनच परततो, ती चमक. उरलेला आत शिरतो, रंगकणांवर आपटत फिरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. दिव्यासमोर पोलरायझिंग फिल्म लावली की दिव्याचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो. वरच्यावर परतलेली चमक हे वळण टिकवून ठेवते, आत जाऊन आलेला प्रकाश मात्र आपटून आपटून ते हरवून बसतो. मग लेन्सवरचा पोलरायझर फिल्मशी ९० अंशात फिरवला की चमक अडते आणि नुसता आतला रंग उरतो.

पहिल्यांदा तो पोलरायझर फिरवून व्ह्यूफाइंडरमधून बघितलं, तो क्षण माझ्या चांगला लक्षात आहे. पेंटवरचा पांढुरका पापुद्रा हळूहळू विरत गेला आणि खालून दाट, ओला वाटावा असा निळा वर आला. हाच तो रंग, जो उन्हातल्या फोटोत मला कधी मिळालाच नव्हता आणि जो मी सॅच्युरेशन वाढवून खोटा आणू पाहत होतो.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. फिल्म आणि पोलरायझर मिळून सुमारे तीन स्टॉप खातात, म्हणजे फ्लॅशला आठपट जोर हवा. शिवाय दोन्हींमधून आलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, म्हणून रंगपत्रकाचा फोटोही याच मांडणीत काढायचा. साध्या उजेडात काढलेलं रंगपत्रक इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दिवा बाजूला हलवला की चमकेचं प्रतलही कॅमेऱ्याच्या दृष्टीनं बदलतं. दिव्याच्या एका जागेसाठी जुळवलेला पोलरायझर दुसऱ्या जागी चमक पुरती मारत नाही. काळा गोळा यासाठीच. दिव्यावरची फिल्म जमिनीशी सरळ ठेवायची, आणि प्रत्येक नव्या जागी गोळ्यावरचा ठिपका मावळेपर्यंत लेन्सवरचा पोलरायझर फिरवायचा. मग तो ९० अंश फिरवून दुसरी फ्रेम, चमकेसकट. पहिलीत फक्त रंग, दुसरीत रंग आणि चमक दोन्ही. दुसरीतून पहिली वजा केली की उरते ती निव्वळ चमक. आणि या चमकेच्या फ्रेममध्ये गोळ्यावर ठिपका जिथे दिसतो, तिथून दिव्याची दिशा मोजता येते.

आता खिळे. चमकविरहित फ्रेममध्ये खिळ्यांची काही डोकी तपकिरी आली आणि काही चक्क काळी, कोळशासारखी. आधी वाटलं, कुठेतरी सावली पडतेय. भिंग घेऊन दारापाशी बसलो तेव्हा उलगडलं. जी डोकी पूर्ण गंजली होती ती तपकिरी, आणि जिथे काही घासलं जाऊन आतलं लोखंड उघडं पडलं होतं तिथे काळं. धातूत प्रकाश शिरून रंग घेऊन परत येतच नाही. धातूचं जे काही दिसतं ते सगळं चमकच. चमक काढली की धातू उरतच नाही. गंज मात्र लोखंडाचा ऑक्साइड, तो धातूसारखा वागत नाही, म्हणून त्याचा रंग नीट आला. म्हणजे हा काळेपणा चूक नव्हती, तो आयता मिळालेला मेटॅलिक मॅप, म्हणजे धातू कुठे आहे त्याचा नकाशा, होता. काळ्या ठिपक्यांना धातू म्हणून वेगळं काढलं आणि त्यांचा बेस कलर लोखंडाच्या लंब दिशेच्या परावर्तनाएवढा, साधारण ५६ टक्के, ठेवला. तोवर मी प्रत्येक खिळा सरसकट धातू धरत आलो होतो, तो गंजलेला असला तरी.

आठ दिशा, आणि उलट्या वाटीसारखं दार

आता उंचसखलपणा. १७६० साली योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांनी मांडलेला नियम असा की मॅट पृष्ठभागाचा उजळपणा प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागाची लंब दिशा यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनवर ठरतो. रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० साली तोच नियम उलटा चालवला: कॅमेरा एका जागी, प्रकाश वेगवेगळ्या ज्ञात दिशांनी, आणि प्रत्येक पिक्सेलच्या बदलत्या उजळपणावरून त्याची लंब दिशा काढायची. याला फोटोमेट्रिक स्टीरिओ म्हणतात. लंब दिशेचे दोन आकडे आणि अल्बेडोचा, म्हणजे पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो त्याचा, एक, असे तीन अज्ञात, म्हणून किमान तीन दिवे हवेत. आम्ही आठ जागा घेतल्या. जास्तीचे दिवे चैनीसाठी नव्हते. पोपड्याच्या कडेला एक-दोन दिव्यांची सावली हमखास पडते. प्रत्येक पिक्सेलच्या आठ किमतींपैकी सगळ्यात गडद दोन आणि सगळ्यात उजळ एक सोडून दिली, तरी पाच उरतात आणि उत्तर भक्कम येतं. चमक आधीच काढलेली असल्यामुळे पेंटसुद्धा लॅम्बर्टच्या नियमाला बऱ्यापैकी धरून वागतो. पोलरायझरचा खटाटोप इथे दुसऱ्यांदा कामी येतो.

फ्लॅश एकच होता. जमिनीवर खडूनं आठ खुणा केल्या आणि तो एकेका खुणेवर नेला. पहिल्या वेळी दिवा दाराच्या मध्यापासून मीटरभर अंतरावर, सुमारे ४० अंश वर. नॉर्मल मॅप तयार झाला, एकेक पोपडा, एकेक रेष सुंदर. पण पूर्ण मॅप एका नजरेत बघितला तर चारी कडांना रंग बदलत जात होता. त्यावरून उंची काढली तेव्हा सपाट दार उलट्या वाटीसारखं फुगीर निघालं.

दोष मीटरभर अंतराचा होता. माझ्या गणितात दिवा अनंतावर होता, म्हणजे दारभर त्याची दिशा एकच. प्रत्यक्षात ८० सेंटीमीटरच्या चौकोनाच्या जवळच्या कडेला तो ६० अंशांवर दिसत होता आणि लांबच्या कडेला २९ अंशांवर. अंतराच्या वर्गानं घटणारा प्रकाश आणि हा तिरकेपणा मिळून जवळची कड लांबच्या कडेपेक्षा जवळजवळ सहापट उजळ पडत होती. हा सगळा फरक गणितानं पृष्ठभागाच्या उताराच्या माथी मारला. दिवा तीन मीटरवर नेला तेव्हा कोन ४५ ते ३६ अंशांत आले आणि उजळपणाचा फरक दुपटीच्या आत. उरलेला फरक काढायला दाराच्या जागी तेवढाच पांढरा मॅट पाटा ठेवून त्याच आठ जागांवरून फोटो घेतले आणि दाराच्या फ्रेमला पाट्याच्या फ्रेमनं भागलं. या भागाकारात पाट्याच्या स्वतःच्या कोनाचा कोसाइनही निघून जातो. तो प्रत्येक पिक्सेलला दिव्याच्या खऱ्या जागेवरून काढून परत गुणावा लागतो. माझ्या हातून तो एकदा राहिला होता आणि सगळे उतार प्रमाणापेक्षा वेगळे आले, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

मधेच, पाचव्या आणि सहाव्या जागेच्या दरम्यान, एक पोपडा गळून पडला. नाण्याएवढाच, पण त्या जागी पाच फ्रेम पोपड्याच्या आणि तीन फ्रेम उघड्या लाकडाच्या. गणितानं त्यावर जे उत्तर दिलं ते कुठल्याच वस्तूचं नव्हतं. हवेच्या फुंकणीनं सुटे पोपडे आधीच पाडून घेतले आणि आठही जागा पुन्हा केल्या.

पोपड्याची जाडी

नॉर्मल मॅप छटा बदलतो, सावली पाडत नाही. कंदील दाराच्या अंगालगत येतो तेव्हा वळलेल्या पोपड्याची लांबच लांब सावली पडायला हवी, आणि त्यासाठी खरी उंची लागते. लंब दिशांची बेरीज करत गेलं की उंची मिळते, हे तत्त्वतः बरोबर. लाकडाच्या शिरा, बारीक भेगा यांच्यासाठी ते छान चाललं. पण दोन ठिकाणी गाडी अडली.

एक तर बारीक चुका साठत जातात, त्यामुळे फळ्यांचा मोठा, संथ बाक भरवशाचा येत नाही. तो फोटोग्रामेट्रीतून घेतला, म्हणजे दाराभोवती फिरून काढलेल्या फोटोंवरून बांधलेल्या त्रिमितीय आकारातून. ती पद्धत मोठे बाक चोख सांगते, बारीक तपशिलात मात्र गोंगाट करते. दोन्हींचा जो भाग खरा तो घेऊन एकत्र केला: संथ चढउतार फोटोग्रामेट्रीचे, बारीक चढउतार दिव्यांचे.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. पोपड्याच्या कडेला उंची उतरत नाही, तुटते. वरचा पेंट संपतो आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली एकदम लाकूड सुरू होतं. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ती उभी कड दिसतच नाही, त्यामुळे बेरजेच्या हिशेबात पेंट आणि लाकूड जवळपास एकाच पातळीवर आले. जुनाट पेंट लाकडावर चढलेला न दिसता त्यात भिनलेला दिसत होता. यावर मला हातानं काम करण्यावाचून मार्ग सापडला नाही. पेंटचा मास्क, म्हणजे पेंट कुठे आहे त्याचा नकाशा, चमकेच्या फ्रेममधून सहज मिळाला. मग व्हर्निअर घेऊन दारावरच्या वीसेक पोपड्यांची लाकडापासूनची उंची मोजली. चिकटलेला पेंट ०.४ मिलिमीटरच्या आसपास, वळलेल्या कडा दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत. पेंट जिथे आहे तिथे ०.४ मिलिमीटरची पायरी सरसकट चढवली आणि वळलेल्या कडा फोटो शेजारी ठेवून ब्रशनं उचलल्या. दीड दिवसाचं काम झालं. टेक्स्चरमध्ये हाताला थारा नाही असं मानणाऱ्यांना मी हे काम दाखवतो.

हाइट मॅप १६ बिटांत ठेवला. दाराचा एकूण चढउतार १२ मिलिमीटरचा होता. ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांत एकेक पायरी ०.०५ मिलिमीटरची होते, आणि अंगालगतच्या उजेडात ती सपाट लाकडावर शेताच्या बांधासारखी दिसते.

रंगात न दिसणारा गुळगुळीतपणा

रफनेसचं काम सोपं जाईल असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त शिकवलं त्यानंच. आठ दिव्यांच्या चमकेच्या फ्रेम हाताशी होत्याच, पण त्यात गंमत अशी की चकचकीत पेंट काळा दिसत होता. दिवा ४० अंशांवर आणि कॅमेरा माथ्यावर. आरशासारखी परतलेली चमक कॅमेऱ्याकडे येतच नाही, पलीकडे निघून जाते. चकचकीतपणा बघायचा तर दिवा कॅमेऱ्याजवळ हवा. म्हणून एक लांबट पट्टीचा सॉफ्टबॉक्स, समोर फिल्म लावून, कॅमेऱ्याच्या किंचित वरून टप्प्याटप्प्यानं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवला आणि प्रत्येक टप्प्याला फ्रेमची जोडी घेतली. मधल्या हातभर पट्ट्यात कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब येत होतं, तो भाग दार सरकवून वेगळा घेतला. आता प्रत्येक बिंदूवर बघायचं की पट्टी सरकताना उजळपणा कसा चढतो-उतरतो. झटकन चढून झटकन उतरला तर पृष्ठभाग गुळगुळीत. हळूहळू चढून हळूहळू उतरला तर खडबडीत.

त्या फ्रेम एकामागून एक चालवून बघितल्या तेव्हा दाराचं एक वेगळंच चित्र समोर आलं. वरच्या अर्ध्या भागातला पेंट खालच्यापेक्षा कितीतरी मॅट होता. रंगात फरक जवळजवळ नाहीच, पण वरच्या भागानं ऊन खाल्लं होतं. उन्हानं पेंटमधला बांधणारा घटक वरच्या थरात फुटतो आणि रंगाची भुकटी तेवढी उरते. बोट फिरवलं तर निळी पूड बोटाला लागत होती. आणि कडीच्या बाजूला, जिथे उघडं लाकूड होतं, तिथे तळहाताएवढा डाग पेंटसारखा चकाकत होता. रंगाच्या फोटोत तो नुसतं राखाडी लाकूड. दार ढकलताना वर्षानुवर्षं हात लागून तिथलं लाकूड घोटलं गेलं होतं. माझ्या जुन्या टेक्स्चरमध्ये, जिथे रफनेस रंगावरून उलटवला होता, तिथे ही गोष्ट येणं शक्यच नव्हतं. आणि कंदील त्या जागेवरून जाताना पाव सेकंद जो मंद झळाळ उठतो, त्यानंच ते दार कुणीतरी वापरलेलं वाटतं.

आकडे मात्र मोजमापातून थेट घेतले नाहीत. मोजणीनं कुठे किती फरक आहे ते सांगितलं. प्रत्यक्ष किमती रेंडरशी ताडून बसवल्या. खालचा पेंट ०.३, वरचा ०.५५, उघडं लाकूड ०.८, घोटलेला डाग ०.४५. शेडर बदलला तर हे आकडेही थोडे बदलतील. धातू सोडून बाकी सगळ्याचं लंब दिशेचं परावर्तन ४ टक्के ठेवलं, अपवर्तनांक १.५ धरला की तेवढंच येतं, आणि त्याला हात लावला नाही.

ताडून बघण्याचा फोटो

ज्या दिशांनी आपण मोजणी केली त्याच दिशांनी रेंडर करून बघितलं तर ते जुळणारच. म्हणून एक फोटो सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवला होता: उघडा दिवा दारापासून हातभर अंतरावर, जेमतेम १५ अंशांवर, पोलरायझर नाही. तो कुठल्याच गणितात वापरला नाही. सगळे मॅप तयार झाल्यावर दृश्यात दिवा त्याच जागी ठेवून रेंडर केलं आणि दोन्ही शेजारी लावली.

पहिल्या तुलनेत रेंडरमध्ये खिळे आत गेलेले दिसले. नॉर्मल मॅपच्या हिरव्या चॅनेलची, म्हणजे वर-खाली कल सांगणाऱ्या आकड्यांची, दिशा उलटी होती. काही सॉफ्टवेअर वर म्हणजे अधिक मानतात, काही उणे. उलटवून टाकली. दुसऱ्या तुलनेत सगळं दार एका बाजूला कललेलं वाटलं. नॉर्मल मॅप रंगाची फाइल समजून वाचला जात होता, त्यामुळे मधली किंमत ०.५ ऐवजी ०.२२ होत होती. नॉर्मल, रफनेस, मेटॅलिक आणि हाइट हे रंग नव्हेत, आकडे आहेत, आणि सॉफ्टवेअरला तसं सांगावं लागतं. या दोन चुका वर्षाला एकदा तरी सगळ्यांच्या हातून होतात.

तिसऱ्या तुलनेत एकच मोठा फरक उरला. खऱ्या फोटोत मोठ्या पोपड्यांच्या पोटात गडद काळोख, आमच्याकडे तिथे उतार. हाइट मॅप प्रत्येक जागी एकच उंची सांगू शकतो. पोपड्याचं वरचं अंग आणि त्याखालची पोकळी या दोन उंच्या एका जागी मावत नाहीत. कंदिलाच्या वाटेवरचे सगळ्यात मोठे सात पोपडे वेगळी भूमिती म्हणून बांधले, तेच टेक्स्चर त्यांच्यावर चढवलं. बाकीचे तसेच राहू दिले.

मार्गिकेत अशी तीन दारं हवी होती. दोन्ही नवी दारं याच टेक्स्चरचे आरसे करून घेतली. आरसा करताना नॉर्मल मॅपचा लाल चॅनेलही उलटवावा लागतो, तेवढं लक्षात ठेवलं. ओळखू येईल असा एक मोठा त्रिकोणी पोपडा दोन्ही नव्या दारांवरून पुसला, घोटलेला डाग त्यांच्या कडीपाशी सरकवला.

शॉट पुन्हा चालवला तेव्हा ती सहकारी खुर्ची पुढे ओढून बसली. कंदील डावीकडून आला, सावल्या उजवीकडे लांबल्या, मधोमध आखडल्या, मग डावीकडे वळल्या. कडीपाशी तो झळाळ उठला आणि विझला. तिनं तो तुकडा तीनदा मागे घेऊन पाहिला आणि विचारलं, ‘या डागावर कंदील अजून पाच सेंटीमीटर जवळून नेऊ का?’ मग कंदिलाची वाट बदलली, आणि सात पोपड्यांचे नऊ झाले.